चिठ्ठीवर ‘जिलेटिन, सी७४’ लिहिलंय? पहिल्यांदाच तपासणी करणाऱ्यांसाठी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘स्पेसिफिक आयजीई, जिलेटिन’ असं लिहून दिलं, म्हणजे जिलेटिनच्या अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी; सी७४ हा तिचा लॅबमधला क्रमांक. तुम्ही ती घेऊन कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेलात. काउंटरवरच्या मुलाने संगणकात ‘आयजीई’ एवढंच टाकलं आणि पावती फाडली. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात येतो: ‘टोटल आयजीई ४१२’, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘हाय’. घरात सगळे हवालदिल, आणि त्या कागदावर जिलेटिनबद्दल अक्षरही नाही.

हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. बरीच वर्षं मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. माझ्याच भाच्याची ही तपासणी करायची वेळ आली तेव्हा मी गावाला होते, आणि आमच्या घरी आलेला पहिला रिपोर्टही असाच भलता होता. मुलाला दोनदा सुई टोचावी लागली. ती दुसरी सुई तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

जिलेटिनची अ‍ॅलर्जी तशी विरळा आहे. त्यामुळे दवाखान्यात, लॅबमध्ये, औषधाच्या दुकानात, सगळीकडे तुम्हालाच थोडं समजावून सांगावं लागतं. रक्त काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

पायरी १: सुईच्या आधी वही

भाचा चार वर्षांचा. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी व्हिटॅमिनच्या गमीची बाटली आणली. त्याने दोन गमी चघळल्या आणि पंधराएक मिनिटांत ओठ सुजले, पाठीवर-पोटावर पित्ताच्या गांधी उठल्या. आजी म्हणाली उष्णता. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यातला लाल रंग. बहिणीने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली, बाटली फेकली नाही. बालरोगतज्ज्ञांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली: ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन.

‘पण आम्ही तर शाकाहारी,’ हे आमचंही पहिलं वाक्य होतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतलं आणि हाडांतलं कोलॅजेन उकळून, वितळवून काढलेलं प्रथिन. बहुतेक वेळा ते गाय-बैलाचं किंवा डुकराचं असतं, काही ठिकाणी माशाचं. मटणाच्या पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी पातेल्यात थरथरतं ना, ती करामत जिलेटिनचीच. शाकाहारी घरात ते ताटातून येत नाही, औषधांच्या डब्यातून येतं. कॅप्सूलचं टोपण जिलेटिनचं, आठवड्याला एक घ्यायची व्हिटॅमिन डीची मऊ पारदर्शक कॅप्सूल जिलेटिनची, आणि काही लशींमध्येही ते असतं. अन्नाच्या पाकिटावर आपण हिरवी खूण बघतो. औषधाच्या पट्टीवर ती खूण शोधून उपयोग नाही.

तर वहीत काय लिहायचं? काय खाल्लं किंवा कोणतं औषध वा इंजेक्शन घेतलं, किती, किती वाजता, आणि त्यानंतर किती मिनिटांनी काय झालं. अंगावर पित्त उठलं की ओठ-डोळे सुजले, खोकला-धाप लागली की उलटी झाली, भोवळ आली का, हे वेगवेगळं लिहा. फोटो असतील तर उत्तम, डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर गांधी बसलेल्या असतात. पाकीट किंवा पट्टी जपून ठेवा. त्याआधी तोच पदार्थ कधी खाल्ला होता आणि तेव्हा काय झालं होतं, हेही आठवून लिहा.

मिनिटांचा हिशेब मी मुद्दाम मागते आहे. नेहमीची आयजीईमुळे होणारी अ‍ॅलर्जी काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत दिसते. पण एक प्रकार असा आहे की रात्री मटण किंवा बीफ-पोर्क खाल्लं आणि दोन ते सहा तासांनी, मध्यरात्री, माणूस खाजेने जागा होतो. तो प्रकार वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

मांसाहारी वाचकांनी वहीत आणखी दोन प्रश्नांची उत्तरं लिहावीत. पाया किंवा नल्लीचा रस्सा खाऊन कधी त्रास झालाय का? आणि गुर्दा-कलेजी खाऊन? गुर्दा-कलेजीचा प्रश्न त्या मध्यरात्रीच्या प्रकारासाठी. पायात जिलेटिन भरपूर असतं. गाय, डुक्कर, शेळी-मेंढी यांचं जिलेटिन एकमेकांशी इतकं मिळतंजुळतं असतं की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. माशाचं जिलेटिन बऱ्यापैकी वेगळं.

संशय घ्यायच्या वस्तू म्हणजे गमी, मार्शमॅलो, बेकरीतलं न भाजता थंड करून घट्ट केलेलं चीजकेक, मूस, पाना कोटा, काही आयात दही आणि मिठाया. उलट चायना ग्रासची जेली समुद्री शेवाळापासून होते, तिच्यात जिलेटिन नसतं. गमी पेक्टिनची असेल तर तिच्यातलं पेक्टिन फळांचं. खरवसाबद्दलही मला विचारतात. तो चिकाच्या दुधातल्या प्रथिनांनी घट्ट होतो, आणि चीक न मिळाल्यास लोक चायना ग्रास घालतात. जिलेटिनचा तिथे संबंध नाही.

पायरी २: तपासणीचं नाव पूर्ण लिहून घ्या

अ‍ॅलर्जीचे खास डॉक्टर मोठ्या शहरांत मिळतात. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ किंवा छातीचे डॉक्टर सुरुवात करून देतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त चिठ्ठीवर ‘अ‍ॅलर्जी टेस्ट’ एवढंच लिहिलं असेल तर नम्रपणे विचारा: ‘डॉक्टर, जिलेटिनचं स्पेसिफिक आयजीई असं लिहून द्याल का? लॅबवाले गोंधळतात.’

खरंच गोंधळतात. आयजीई म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडं. ‘टोटल आयजीई’मध्ये ती सगळी मिळून मोजली जातात: धुळीची, परागांची, दम्याची, पोटातल्या जंतांचीसुद्धा. आपल्याकडे जंतांमुळे आकडा वाढलेला कितीतरी वेळा दिसतो. त्यावरून जिलेटिनबद्दल काहीही कळत नाही. ‘स्पेसिफिक’ तपासणीत फक्त जिलेटिनला चिकटणारी आयजीई मोजतात.

‘इम्युनोकॅप’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत गाईच्या जिलेटिनचा सांकेतिक क्रमांक सी७४ आहे. यातला ‘सी’ औषधांच्या गटाचा. पेनिसिलिन सी१, इन्सुलिन सी७३, आणि त्यांच्याच रांगेत जिलेटिन. काउंटरवरचा मुलगा ते खाद्यपदार्थांच्या यादीत शोधतो, तिथे ते सापडत नाही, आणि तो ‘आमच्याकडे नाही होत’ म्हणतो. त्याला सांगा, औषधांच्या यादीत बघ.

आता तो मध्यरात्रीचा प्रकार. गाय, डुक्कर, शेळी अशा सस्तन प्राण्यांच्या अंगात ‘अल्फा-गॅल’ नावाची एक साखर असते. माणसात ती नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यावर माणसाच्या शरीरात तिच्याविरुद्ध आयजीई तयार होऊ शकते. हे उमगलं तेही आडवाटेने. कर्करोगावरच्या सेटुक्सिमॅब या औषधाने अमेरिकेच्या काही राज्यांतच रुग्णांना जोरदार रिअ‍ॅक्शन येत होती. शोध घेताना २००८ मध्ये ही साखर सापडली. जिलेटिनमध्येही ती थोडी असते, त्यामुळे अल्फा-गॅलच्या काही रुग्णांना जिलेटिनचाही त्रास होतो, विशेषतः ते शिरेतून गेलं तर. तुमच्या वहीत ‘रात्री मटण, पहाटे पित्त’ असं काही असेल, गोठ्यात-रानात वावर असेल, गोचीड चावल्याचं आठवत असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि अल्फा-गॅलची तपासणी हवी का ते विचारा. तिचा क्रमांक ओ२१५. सोबत कधी बीफ (एफ२७), पोर्क (एफ२६), मटण (एफ८८) यांच्याही तपासण्या लिहितात. सगळ्यांनी सगळ्या करायच्या नाहीत. वहीतली हकीकत जिकडे बोट दाखवेल तेवढ्याच.

पायरी ३: पैसे भरण्याआधी लॅबला फोन

हा फोन पाच मिनिटांचा, पण अर्धी डोकेदुखी इथेच वाचते. विचारायचं असं: जिलेटिन सी७४ एकट्याचं होतं का? पद्धत कोणती? नमुना इथेच तपासणार की मुंबई-पुण्याच्या किंवा आणखी कुठल्या मोठ्या लॅबला पाठवणार? रिपोर्ट किती दिवसांत? रिपोर्टवर आकडा येणार की फक्त ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’? आकडा येत नसेल तर दुसरी लॅब बघा.

नेहमीची नसलेली तपासणी बाहेर पाठवली जाते, त्यात गैर काही नाही. आठवडाभर धरून चाला.

बऱ्याच ठिकाणी तुम्हाला ‘फूड पॅनेल’ घ्यायचा आग्रह होईल. व्हेज पॅनेल, नॉनव्हेज पॅनेल, साठ पदार्थ, शंभर पदार्थ. त्यात जिलेटिन असेलच असं नाही, बहुधा नसतंच. यादी मागून घ्या आणि बोट ठेवून वाचा. शिवाय एकदम शंभर पदार्थ तपासले की दहा-बारा ठिकाणी फिकट पॉझिटिव्ह येतंच, आणि मग त्या मुलाच्या ताटातून गहू, शेंगदाणे, तूर एकेक करत उगाचच बाद होत जातात. अशी हाडकलेली मुलं मी पाहिली आहेत. मला त्या पॅनेलचा राग आहे, तो लपवत नाही.

दुसरा सापळा आयजीजीचा. ‘फूड इन्टॉलरन्स टेस्ट’ म्हणून घरपोच मिळते ती बऱ्याचदा आयजीजी मोजते. आयजीई आणि आयजीजी, फरक एका अक्षराचा आणि अर्थ पूर्ण वेगळा. आपण जे खातो त्याविरुद्ध आयजीजी असणं सामान्य आहे, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी संघटनांनी ती या कामासाठी वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय.

पायरी ४: कधी द्यायचं, कसं द्यायचं

रिअ‍ॅक्शन जोरदार आली असेल तर लगोलग घेतलेल्या रक्तात आयजीई खोटी कमी दिसू शकते. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे थांबून तपासणी करतात, किंवा आधी केली असेल आणि निगेटिव्ह आली तर तेव्हा पुन्हा करतात.

ऐन रिअ‍ॅक्शनच्या वेळी घ्यायचं रक्त वेगळं. तेव्हा ट्रिप्टेज मोजतात. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात मास्ट पेशी फुटतात आणि हे रसायन रक्तात उतरतं. ते झटक्यानंतर एक ते चार तासांच्या आत घ्यावं लागतं, आणि मग सगळं शांत झाल्यावर, किमान चोवीस तासांनी, तुलनेसाठी पुन्हा. इस्पितळात भूल देताना किंवा सलाईन चालू असताना काही झालं असेल तर ‘ट्रिप्टेज घेतलं होतं का’ हे नक्की विचारा. त्याने ‘हा खरंच अ‍ॅनाफिलॅक्सिस (अंगभर पसरणारा, जिवावर बेतू शकणारा अ‍ॅलर्जीचा झटका) होता का’ याचं उत्तर मिळतं, ‘कशाने’ याचं नाही.

सी७४साठी उपाशीपोटी जायची गरज नाही. सकाळी पोहे खाऊन जा. लहान मुलांना तर भरल्या पोटीच आणा, रडारड निम्मी होते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिनसारख्या पित्ताच्या गोळ्या चालू असल्या तरी रक्ततपासणीवर परिणाम होत नाही. स्किन टेस्टच्या, म्हणजे त्वचेवर अर्क टोचून बघायच्या तपासणीच्या, आधी मात्र त्या काही दिवस बंद कराव्या लागतात. लोक या दोन सूचनांची गल्लत करतात आणि रक्त द्यायच्या नावाखाली गोळ्या बंद करून आठवडाभर खाजवत बसतात. दम्याची औषधं स्वतःच्या मनाने तर मुळीच थांबवू नका.

रक्त तीन ते पाच मिलिलिटर लागतं, चमचाभर. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात ते गोठू देतात, मग यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढतात. तपासणी त्या सीरमची. नळीवर नाव, वय, तारीख तुमच्यासमोर लिहून घ्या. एकाच आडनावाचे तीन पेशंट ओळीने आले की काय होतं ते मला विचारू नका.

आई-वडील घाबरून एक प्रश्न हमखास विचारतात: तपासणीमुळेच रिअ‍ॅक्शन आली तर? येणार नाही. जिलेटिन तुमच्या अंगात कुणी घालत नाही. लॅबमध्ये बोटाच्या पेराहूनही लहान टोपीत स्पंजासारखा सेल्युलोजचा तुकडा असतो, त्याला गाईचं जिलेटिन चिकटवलेलं असतं. तुमचं सीरम त्यावर सोडतात. जिलेटिन ओळखणारी आयजीई असेल तर ती तिथे अडकते, बाकीचं धुऊन निघतं. मग त्या आयजीईला जाऊन बसणारं दुसरं रसायन घालतात, ते चमकतं, आणि जेवढी चमक तेवढा आकडा. सारा खेळ टोपीत. म्हणूनच ज्यांना आधी जबर झटका आलाय त्यांची सुरुवात डॉक्टर बऱ्याचदा रक्तापासून करतात.

चक्कर येणाऱ्यांनी आधीच सांगावं, आडवं झोपवून रक्त घेता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही, धिप्पाड पैलवानही कोसळलेले मी पाहिलेत.

पायरी ५: रिपोर्ट वाचताना

आकड्यापुढे एकक असतं ‘केयूए प्रति लिटर’. जुनी, अजूनही वापरात असलेली सीमारेषा ०.३५ ची. आताची यंत्रं ०.१० पर्यंत मोजतात. त्याखाली म्हणजे सापडलं नाही. सोबत ‘क्लास’ येतो: ०.३५ ते ०.७ म्हणजे क्लास १, ३.५ पर्यंत २, १७.५ पर्यंत ३, ५० पर्यंत ४, १०० पर्यंत ५, आणि त्यावर ६.

भाच्याचा आकडा आला २.८४. क्लास २. बहीण म्हणाली, ‘सहापैकी दोनच, म्हणजे सौम्य आहे ना गं?’

नाही. क्लास हा अ‍ॅलर्जीची तीव्रता सांगत नाही. रक्तात ती प्रतिपिंडं किती हे सांगतो. क्लास २ असलेल्याला जबर झटका येऊ शकतो आणि क्लास ४ असलेला माणूस निवांत गमी खात असू शकतो. आकडा जितका मोठा तितकी खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता साधारणपणे जास्त, इतकंच. शरीराने जिलेटिनची ‘ओळख’ करून घेतली आहे एवढं पॉझिटिव्ह रिपोर्टवरून कळतं. ती ओळख भांडणापर्यंत जाते का, हे पहिल्या पायरीतली वही सांगते. भाच्याच्या बाबतीत वही आणि आकडा एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून निदान पक्कं झालं. कधीच काही त्रास न झालेल्या माणसाचा असाच २.८४ आला असता तर डॉक्टरांनी कदाचित काहीच बंद केलं नसतं.

आता उलट बाजू, आणि ही जास्त धोक्याची. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका. टोपीतलं जिलेटिन साधं, गाईचं. तुम्हाला त्रास झालेलं जिलेटिन वेगळं असू शकतं. रक्तदाब ढासळला की कधी जिलेटिनपासून बनवलेलं द्रावण सलाईनसारखं देतात. हिमॅक्सेलमध्ये असतं पॉलिजेलिन, म्हणजे जिलेटिनचे तुकडे युरियाच्या साहाय्याने जोडून केलेलं. जेलोफ्यूजिन या दुसऱ्या द्रावणात सक्सिनिल हा रासायनिक गट लावलेलं जिलेटिन. रासायनिक रूप बदललं की प्रतिपिंडांना ओळखायची खूणही बदलू शकते. अशा द्रावणांनी झटका आलेल्या रुग्णांत सी७४ निगेटिव्ह येणं ही नवलाई नाही, तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेली स्किन टेस्ट जास्त उपयोगी पडते. माशाच्या जिलेटिनचंही तेच: ते सी७४मध्ये सापडेल याचा भरवसा नाही, आणि माशांच्या नेहमीच्या तपासणीतही नाही, कारण ती मुख्यतः माशातल्या दुसऱ्याच प्रथिनावर बेतलेली असते.

हकीकत आणि आकडा जुळले नाहीत की पुढची पायरी स्किन प्रिक टेस्ट. गंमत अशी की जिलेटिनचा तयार, प्रमाणित अर्क नसल्यामुळे अमेरिकेतले तज्ज्ञसुद्धा बाजारातल्या जेलीच्या गोड पावडरचा एक चमचा पाच मिलिलिटर सलाईनमध्ये विरघळवून तोच वापरतात. पावडर खरोखर जिलेटिनची हवी, आपल्याकडच्या शाकाहारी जेलीची नव्हे. वाचायला सोपं वाटतं म्हणून घरी करून बघू नका. झटका आला तर हाताशी अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे झटक्यावरचं इंजेक्शन, आणि ते देणारा माणूस हवा. ‘थोडंसं चाखून बघू’ हा प्रयोगही इस्पितळातच होतो.

पायरी ६: लशीचं काय?

ही पायरी लांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भाच्याचीही तपासणी खरं तर यासाठीच झाली. गमी काय, टाळता येतात. पण बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात चार ते सहा वर्षांच्या दरम्यान एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लशीचा) डोस असतो, तो समोर उभा होता.

जिवंत विषाणूंच्या लशी टिकून राहाव्यात म्हणून काहींमध्ये जिलेटिन घालतात. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवराच्या गटातल्या लशींमध्ये अंशतः विघटित जिलेटिन असतं. पूर्वी एमएमआरने झटका आला की दोष अंड्याला जाई, कारण बऱ्याच लशींसाठी गोवराचा विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात. १९९३ मध्ये अमेरिकेतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ जॉन केल्सो आणि सहकाऱ्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. लशीनंतर तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला होता. ती स्वतःच म्हणाली की जेली खाल्ल्यावर मला होतं तसंच काहीसं झालं. रक्तात जिलेटिनविरुद्धची आयजीई सापडली. अख्ख्या शोधाची सुरुवात पेशंटच्या एका वाक्यातून झाली. वहीचा हट्ट मी उगाच धरत नाही.

त्याच दशकात जपानमध्ये अशा मुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. तिथे तान्ह्या बाळांना दिल्या जाणाऱ्या घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लशीतही जिलेटिन होतं. तिने मुलांच्या शरीराला जिलेटिनची ओळख करून दिली आणि पुढे गोवराच्या लशीने झटका आला, असा निष्कर्ष निघाला. कंपन्यांनी लशींमधलं जिलेटिन काढलं किंवा बदललं, आणि हे प्रकार जवळजवळ थांबले.

हे वाचून लस टाळायची नाही. लशीने अ‍ॅनाफिलॅक्सिस होण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दहा लाख डोसांमागे सुमारे १.३ होतं. गोवर मात्र घरोघर पोचतो. ज्यांना जिलेटिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठीही वाटा आहेत. प्रायॉरिक्स या एमएमआर लशीत जिलेटिन नाही, तशी लस मिळते का बघता येतं. किंवा जिलेटिन असलेल्या लशीची स्किन टेस्ट करून, ती निगेटिव्ह असल्यास नेहमीसारखा डोस देऊन अर्धा तास लक्ष ठेवतात. पॉझिटिव्ह आली तर गरज पाहून डोस थोडाथोडा वाढवत इस्पितळात देतात. ठरवणार डॉक्टर. तुमचं काम एवढंच की लसीकरण केंद्रावरच्या ताईंना टोचण्याआधी सांगायचं, नंतर नाही. कांजिण्यांच्या लशींतही फरक आहे: व्हॅरिव्हॅक्समध्ये जिलेटिन असतं, व्हॅरिलरिक्समध्ये नसतं. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींत ते नव्हतं, त्यामुळे त्या घेतल्यावर काही झालं असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

कुत्रा चावला तर? रेबीजच्या काही लशींमध्ये, उदाहरणार्थ रॅबिपूरमध्ये, पॉलिजेलिन असतं. व्हेरोरॅबसारख्या लशीत माल्टोज आणि मानवी अल्ब्युमिन वापरतात. पर्याय शोधायला हरकत नाही, पण पर्याय मिळाला नाही म्हणून लस चुकवायची नाही. रेबीज झाला की माणूस जवळजवळ नक्की दगावतो. अ‍ॅलर्जीवर मात्र अ‍ॅड्रेनालिन आहे. इस्पितळात, तयारीनिशी, जी असेल ती लस घ्या.

पायरी ७: पाकिटात ठेवायचं कार्ड

निदान पक्कं झालं की डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचं पत्र घ्या आणि त्याचं छोटं कार्ड बनवा. मराठीत घरच्यांसाठी, इंग्रजीत इस्पितळासाठी. त्यावर ‘जिलेटिनची अ‍ॅलर्जी’ एवढंच नको. पुढे लिहा: जिलेटिनयुक्त सलाईन नको, रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज नको, कॅप्सूल विचारून. शस्त्रक्रियेत, दात काढल्यावर, असा स्पंज आत ठेवून देतात आणि पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. ऑपरेशनआधी सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगवेगळं सांगा. एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळतंच, हा भाबडेपणा आहे.

औषधाच्या दुकानात एकच प्रश्न: हेच औषध गोळीत, पातळ स्वरूपात किंवा शाकाहारी कॅप्सूलमध्ये आहे का? व्हिटॅमिन डीची पुडी मिळते, द्रावण मिळतं. कॅप्सूल फोडून आतली पावडर मधातून घ्यायची युक्ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आतल्या काही दाण्यांवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारं कवच असतं. अन्नाच्या पाकिटावर ‘जिलेटिन’ सरळ लिहिलेलं नसेल तर ४२८ किंवा ई४४१ हे आकडे शोधा. ४४० म्हणजे पेक्टिन, ४०६ म्हणजे चायना ग्रास. हे दोन्ही चालतात.

झटक्यासाठी काय जवळ ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. अ‍ॅड्रेनालिनचं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज हाताला लागत नाही, म्हणून काही डॉक्टर अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देऊन घरच्यांना शिकवतात. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. मात्रा वजनाप्रमाणे, कार्डावर लिहून घ्या. धाप, घसा आवळणं, भोवळ यांपैकी काही असेल तर पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नका. अ‍ॅड्रेनालिन द्या, पेशंटला आडवं झोपवा, १०८ ला फोन लावा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका.

तपासणी पुन्हा कधी करायची ते डॉक्टर सांगतील. मुलांत साधारण वर्षाने विचार करतात. तेव्हा शक्यतो तीच पद्धत वापरणारी लॅब घ्या, वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एका ओळीत मांडता येत नाहीत. आणि जुना रिपोर्ट सोबत न्या, फोनमधला फोटो चालेल.

भाच्याचा एमएमआर इस्पितळात, अर्धा तास बसवून, बिनबोभाट झाला. शाळेत वाढदिवसाला वाटलेला खाऊ तो खिशात ठेवून घरी आणतो आणि आईच्या हातात देतो. ती पाकीट उलटंसुलटं करून वाचते. गेल्या महिन्यात एका गमीवर ‘पेक्टिन’ निघालं. तिने मान हलवायच्या आत ती त्याच्या तोंडात गेली होती.